उणे आठात दहा मिनिटं

वच्छलानं स्लीपिंग बॅग माशांच्या वजनकाट्यावर ठेवली आणि आकडा स्थिर व्हायची वाट बघत उभी राहिली. एक किलो एकशे चाळीस ग्रॅम. तिनं बॅग उचलून पुन्हा ठेवली. तेवढंच.

"बसलं," ती म्हणाली. "सव्वा किलोच्या आतच पाह्यजे होती."

तिचा नवरा शालिकराम, मासळीचा व्यापारी, ओसरीवर चहा पीत होता. त्यानं काट्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"एवढ्या वजनाची तं मरळ मासोळी येते," तो म्हणाला. "मरळ पांघरून कोणी बर्फात झोपते का?"

वच्छला कुरखेड्याला वनरक्षक होती. एकोणीस वर्षं तिनं जंगलात पायी गस्त घातली होती, वणवे विझवले होते, एकदा अस्वलाला नुसती काठी आपटून परत पाठवलं होतं. आता वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी महिला वनरक्षकांच्या हिवाळी शिबिरासाठी तिची निवड झाली होती. हिमालयात आठ दिवस, बर्फातून पायी, आपलं सामान आपल्याच पाठीवर. जिल्ह्यातून ती एकटीच होती आणि गाडी उद्या सकाळी वडशाहून होती.

निवडीचं पत्र आलं तेव्हा शालिकरामनं स्वतः गल्लीत पेढे वाटले होते. मासळी बाजारात भेटेल त्याला त्यानं सांगितलं होतं, "आमची बाई हिमालयात चालली." चौकातल्या फलकावर तिचा फोटो लागला, तोही त्यानंच लावून घेतला. त्यामुळे पुढे आठवड्याभरानं, बायको खरंच जाणार आहे आणि आपण घरात एकटे राहणार आहोत, हे त्याच्या डोक्यात नीट शिरलं तेव्हा फार उशीर झाला होता. बायकोला विरोध करायची सोय उरली नव्हती. मग त्यानं तिच्या सामानाला विरोध करायला सुरुवात केली. बूट जड आहेत, काठी वाकते, टोपी टोचते. शेवटी तो स्लीपिंग बॅगवर येऊन थांबला आणि तिथंच ठाण मांडून बसला.

खरं तर पहिली बॅग त्यानंच नागपूरहून आणली होती. तिच्यावर ठळक अक्षरांत 'उणे दहा' लिहिलं होतं आणि ती गुंडाळली तरी सिमेंटच्या अर्ध्या पोत्याएवढी दिसत होती. शिबिराच्या प्रमुख रिना मॅडमनी फोनवर त्या बॅगेचं लेबल वाचून घेतलं होतं.

"वच्छलाताई, तो आकडा जीव वाचण्याचा आहे," त्या म्हणाल्या होत्या. "त्या थंडीत तुम्ही सकाळपर्यंत मरणार नाही, एवढंच त्याचा अर्थ. झोप लागेल असं त्यात कुठे म्हटलंय? खाली बारीक अक्षरांत दुसरा आकडा असेल. आरामाचा. तो वाचा."

बारीक अक्षरांत अधिक चार होतं.

"अधिक चारची तं कुरखेड्यापुरतीच झाली," वच्छला म्हणाली होती.

मग मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. बायकांना झोपेत थंडी जास्त वाजते, म्हणून बायकांची बॅग वेगळी येते. खांद्याला अरुंद, कमरेला ऐसपैस, पायाशी भरण जास्त. आरामाचा आकडा उणे सहाच्या खालचा हवा आणि वजन सव्वा किलोच्या आत, कारण ओझं वाहताना दम लागला तर बर्फात मदतीला हमाल नाहीत. शेवटी त्या म्हणाल्या होत्या, "निघायच्या आदल्या दिवशी अकरा वाजता मी फोनवर प्रत्येकीचं सामान बघते. ज्यांचं बरोबर नसेल त्यांच्या जागी दुसरी बाई जाईल. यादीत चार जणी थांबल्या आहेत."

दुसरी बॅग मुलीनं, भाग्यश्रीनं, मागवून दिली. ती चंद्रपूरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. बॅग कालच आली. लाल रंगाची, आत पिसं भरलेली, आरामाचा आकडा उणे सात. दाबून पिशवीत कोंबली की कोहळ्याएवढी व्हायची. वच्छलाला ती बघताक्षणीच आवडली होती आणि म्हणूनच तिला धाकधूकही वाटत होती. इतकी हलकी वस्तू इतकी उबदार असते यावर तिचाही पुरता विश्वास बसत नव्हता.

"लेबलवर काहीबी लिहितेत," शालिकराम म्हणाला. "आपल्या इथी डिसेंबरात दहा-बारा डिग्री. तुले कसं समजन, उणे सातात चालते का नाई?"

"नाई समजत."

"मंग चल वडशाले. बिरजूच्या कोल्ड रूममंधी घालून पाहू."

वच्छलानं चमकून त्याच्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत त्यानं सुचवलेली ही पहिलीच कामाची गोष्ट होती.

शालिकरामचा बेत साधा होता. आपण बॅगेत शिरायचं, दहा मिनिटं काढायची, दात वाजवत बाहेर यायचं आणि बॅग बेकार आहे म्हणायचं. तिसरी बॅग आणायला वेळ नव्हता.

---

वडशाच्या मासळी डेपोत मागच्या बाजूला कोल्ड रूम होती. रोहू, कतला, मृगल, सगळ्या तलावांचा माल तिथं येऊन पडायचा. बिरजू तिची देखभाल करायचा. पन्नाशीचा, शांत माणूस. वर्षानुवर्षं थंडीत आत-बाहेर केल्यामुळे असेल, पण तो बोलायचाही थांबून थांबून.

"उणे आठ आहे सध्या," त्यानं दारावरच्या आकड्याकडे बोट दाखवलं. "कोण जाणार आतमंधी? बाई?"

"मीच जातो," वच्छला म्हणाली.

"नाई, पहिले मी," शालिकराम घाईनं म्हणाला. "तुले काई झालं तं? उद्या जायचं हाय तुले."

वच्छलाला क्षणभर बरं वाटलं. शिवाय तो तिच्यापेक्षा चार बोटं बुटका आणि अंगानं बारीक होता. बायकांची बॅग त्याला खांद्यालाही बसली असती. आणि याला एकदा खात्री पटली की रोज फोन करून छळणार नाही, असाही हिशेब तिनं केला.

आत क्रेट रचलेले होते. मधल्या मोकळ्या जागेत शालिकरामनं बॅग सरळ फरशीवर टाकली.

"थांबा, खाली मॅट टाकतो," वच्छला म्हणाली. "मॅडम म्हणे, अर्धी थंडी खालूनच येते."

"मॅट कायले पाह्यजे?"

"तिथी मी मॅटवरच झोपणार ना?"

मॅट आली. शालिकरामनं स्वेटर काढायला घेतला, तर तिनं तो पुन्हा घालायला लावला. टोपी खिशात ठेवली होती, ती तिनं काढून त्याच्या कानांवर ओढली. तो बॅगेत शिरला आणि चेन कमरेपर्यंतच ओढून थांबला. तिनं वाकून ती गळ्यापर्यंत नेली, वरची दोरी ओढली आणि तोंडाभोवतीचं कापड आवळलं. आता त्याचं फक्त नाक आणि मिशी दिसत होती.

"श्वास घेता येते का?"

"येते," आतून नाराज आवाज आला.

"दहा मिनिटं. मी बाहेर उभी आहो."

बिरजूनं दार लावलं आणि खटका दाबला. खटका खाली गेला आणि तुटून त्याच्या हातात आला.

त्यानं तो पुन्हा जागेवर बसवून पाहिला. दार हललं नाही.

"काय झालं?" वच्छलानं विचारलं.

"ढिला होता," बिरजू म्हणाला. "दिवाळीपासून."

"मंग आतून उघडा म्हणावं त्यायले."

"आतला दांडा तं दिवाळीच्या आधीच तुटला."

"मंग दुरुस्त काऊन नाई केला?"

"बाई, आतमंधी कोणी राहत नाई ना," बिरजू म्हणाला. "मासे काई दरवाजा उघडत नाईत."

---

पहिली पाच मिनिटं वच्छला घाबरली नाही. दहा मिनिटांचा करार होता, तो अजून संपायचा होता. बिरजूनं सुकलू मिस्त्रीला फोन लावला. सुकलू आरमोरीला होता आणि त्याला यायला पाऊण तास लागणार होता. वच्छलानं दारावर थापा मारल्या. दार हातभर जाड, आत भरणा. थाप तिथल्या तिथंच विरून जायची. दाराला वहीच्या पानाएवढी काच होती. तिनं साडीच्या पदरानं ती पुसली, पण दव आतल्या बाजूनं होतं. त्यातून लाल रंगाचं काहीतरी लांबट आडवं दिसत होतं.

ते हलत नव्हतं.

तिनं दिव्याचं बटण तीनचार वेळा दाबलं.

"असं नका करू, बाई," बिरजू म्हणाला. "भाऊ घाबरतीन."

"घाबरले तं उठतीन तरी."

लाल आकार तसाच राहिला.

दहा मिनिटं झाली, मग पंधरा. वच्छलानं मुलीला फोन लावला आणि जेवढं शांतपणे सांगता येईल तेवढं सांगितलं. भाग्यश्रीचा आवाज एकदम नर्सचा झाला.

"आई, बाबा थरथरून राह्यले का?"

"नाई. काईच हलत नाई."

"थरथर चालली असन तं चांगलं असते. थरथर थांबली का मंग काळजी. माणसाले गुंगी येते, मंग झोप लागते. तेच वाईट. झोपू नको देऊ त्यायले, आई."

"मी दाराच्या बाहेर आहो, बेटा. कशी नाई झोपू देऊ?"

फोन ठेवल्यावर तिनं बिरजूकडे वळून मशीन बंद करायला सांगितलं. बिरजूनं क्रेटांच्या मालकांची नावं घेतली. कुरखेड्याचा, पलसगडचा, आरमोरीचा माल होता आत. वच्छला त्याचं ऐकत ऐकतच भिंतीपाशी गेली आणि मशीनचा मोठा खटका तिनं स्वतःच खाली ओढला. घरघर थांबली. दारावरचा आकडा मात्र उणे आठच राहिला.

"थंडी उतरायले दोन घंटे लागतेत," बिरजू म्हणाला.

"बिजागऱ्या कुठी आहेत?"

"इथी. पण गंजल्या आहेत, बाई."

शालिकरामच्या पिकअपमधून वच्छलानं पान्ह्यांची पिशवी आणि जॅकची लोखंडी दांडी आणली. बिरजू पान्हा धरायचा, ती दांडीनं त्याच्यावर ठोके घालायची. पहिला नट सुटता सुटता तिच्या बोटाचं सालटं निघालं. दुसऱ्या नटाला पान्हा निसटला आणि मनगटावर बसला. तिला काही वाटलं नाही. तिच्या डोक्यात सकाळचं बोलणं फिरत होतं. "मरळ पांघरून कोणी बर्फात झोपते का," असं तो म्हणाला होता आणि तिनं उत्तरसुद्धा दिलं नव्हतं. ती त्या वेळी काट्यावरचा आकडा बघत होती.

नेमके अकरा वाजले आणि रिना मॅडमचा फोन आला. बिरजूनं तो तिच्या कानाशी धरला.

"वच्छलाताई, सामान मांडलंय ना? व्हिडिओ सुरू करा आणि स्लीपिंग बॅग दाखवा आधी."

"मॅडम, बॅग आतमंधी आहे."

"कशाच्या आत?"

"कोल्ड रूमच्या. टेस्टिंगले टाकली. उणे आठात."

"बरं. मग काढा बाहेर."

"दरवाजा अडकला. आणि बॅगमंधी माझे मालक आहेत."

पलीकडे पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

"किती वेळ झाला?"

"चाळीस मिनिटं."

"खाली मॅट?"

"आहे."

"टोपी, चेन?"

"मी स्वतः लावली, गळ्यापर्यंत."

"मग झोपले असतील," रिना मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "तुम्ही काम चालू ठेवा. मी फोनवर थांबते."

झोप हेच सगळ्यात वाईट, असं मुलीनं सांगितलं होतं. वच्छलानं तिसऱ्या नटावर दांडी उगारली आणि ठोका घालायच्या आधी ती थांबली. डोळे मिटून, कोणाला ऐकू जाईल याचा विचार न करता म्हणाली, "त्यायले बरं ठेव. नाई जात मी. कुठीच नाई जात."

मग तिनं ठोका घातला आणि नट सुटला.

---

दोघांनी मिळून दार बिजागरीच्या बाजूनं ओढलं. ते कण्हलं, वाकडं झालं आणि भिंतीला टेकून उभं राहिलं. पांढरी वाफ बाहेर आली. वच्छला त्यातून आत शिरली आणि बॅगेपाशी गुडघ्यांवर बसली. शालिकरामच्या मिशीवर दवाचे पांढरे थेंब गोठले होते. तिनं वाकून कान त्याच्या नाकाशी नेला.

तो घोरत होता.

चांगलं दमदार, जेवण झाल्यावरचं घोरणं. तिनं चेन उघडली तेव्हा आतून उन्हात तापलेल्या गोधडीसारखी ऊब तिच्या हाताला लागली. त्याची मान घामानं ओली होती. तिनं त्याला हलवलं, आणखी जोरात हलवलं. त्यानं एक डोळा उघडला, कुठं आहोत ते आठवलं, आणि लगेच ठरल्याप्रमाणे दात वाजवायला सुरुवात केली.

"बेकार बॅग हाय," तो म्हणाला. "कुडकुडून मेलो मी. हे घेऊन जाऊ नको, वच्छला."

त्याच्या गालावर टोपीच्या विणीचे लाल वळ उठले होते. कपाळावरून घामाचा एक ओघळ भुवईत उतरत होता.

वच्छला तिथंच, मृगलाच्या क्रेटला टेकून बसली.

"बाई नाई चालल्या, भाऊ," बिरजू दारातून म्हणाला. "देवाले बोलल्या त्या. तुमी बरे निघाले तं कुठीच नाई जात म्हणून."

शालिकरामनं आधी बिरजूकडे पाहिलं. मग भिंतीला टेकलेल्या दाराकडे, पान्ह्याकडे, तिच्या सोललेल्या बोटांकडे. त्याला जे हवं होतं ते सगळं एका झोपेत मिळालं होतं. तो बॅगेत बसूनच राहिला, कमरेपर्यंत लाल.

"किती वेळ होतो मी?" त्यानं विचारलं.

"पाऊण घंटा," ती म्हणाली.

त्यानं दात वाजवायचं थांबवलं.

"बॅग चांगली हाय," तो हळूच म्हणाला.

"आता तुमी बेकार म्हणून राह्यले होते."

"ते खोटं होतं. चांगली हाय. लय गरम हाय. पायाशी तं जास्तच."

"मले बरं वाटावं म्हणून बोलून राह्यले तुमी."

"नाई वं. आठ दिसांपासून झोप नोती मले. तू जाणार म्हणून. इथी आलो आन् लागली. सपनबी पडलं."

"काय पडलं?"

त्याला आठवायला थोडा वेळ लागला. "शेकोटीपाशी बसलो होतो. पाय शेकत."

"खोटं आहे. नाई जात मी."

आता शालिकरामवर, आयुष्यात पहिल्यांदा, बायकोला घराबाहेर पाठवायची वेळ आली. आणि ती काही केल्या ऐकेना. त्यानं तिला स्वेटरची पाठ दाखवली, घामानं चिकटलेली. त्यानं तिचा हात धरून बॅगेत घातला. त्यानं मुलीची शपथ घेतली, जी त्यानं एरवी कधीच घेतली नव्हती. वच्छला मान हलवत राहिली. पाऊण तास ती ज्या दारासमोर उभी होती, ते अजून तिच्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं.

"वच्छलाताई, फोन चालू आहे," बिरजूच्या खिशातून आवाज आला.

बिरजू दचकला. मग त्यानं फोन काढून पुढे केला.

"घोरणं मला इथवर ऐकू आलं," रिना मॅडम म्हणाल्या. "त्यामुळे ते खोटं बोलत नाहीत. पण पुरुषाला झोप लागली म्हणजे बाईला लागेलच असं नाही. बॅग तुमची आहे. तुम्ही आत जा. वीस मिनिटं. तुम्हाला पायाला थंडी लागली तर मीच तुम्हाला येऊ नका म्हणेन. नाही लागली, तर उद्या गाडीत बसा. मग देवाशी मी बोलून घेते."

वच्छलानं नवऱ्याकडे पाहिलं.

"जा," शालिकराम म्हणाला. या वेळी त्यानं स्वतः बॅग झटकली, स्वतः मॅट सरळ केली. ती आत शिरल्यावर त्यानं चेन गळ्यापर्यंत ओढली. दोरी आवळताना त्याचा हात थोडा रेंगाळला.

"श्वास घेता येते का?"

"येते."

बिरजूनं मशीन सुरू केली. आता अडचण दाराची होती. ते चौकटीत बसत होतं, पण त्याला धरून ठेवायला ना बिजागरी होती ना खटका. सोडलं की पडत होतं आणि जरा फट राहिली की थंडी बाहेर पळत होती. शेवटी शालिकरामनं त्याला पाठ लावली, पाय फरशीत रोवले आणि सगळा भार टाकून उभा राहिला. त्याच्या शेजारी बिरजूनं खांदा दिला.

त्याच वेळी आरमोरीहून सुकलू मिस्त्री मोटारसायकलवर धडकला. अवजारांची पेटी घेऊन तो धावतच मागच्या बाजूला आला आणि दोघांना बघून थबकला.

"दरवाजा उघडायचा होता ना?" त्यानं विचारलं.

"होता," बिरजू म्हणाला. "आता बंद ठेवायचा हाय. इकडून धर."

सुकलूनं आणखी काही विचारलं नाही. पेटी खाली ठेवून त्यानं मधोमध हात लावले. तिघंही दार रेटून उभे राहिले. दाराची थंडी घामानं ओल्या स्वेटरमधून शालिकरामच्या पाठीत उतरायला लागली, मग कंबरेत, मग पोटऱ्यांत. त्याचे दात वाजायला लागले. आता ते खरंच वाजत होते.

बाहेरच्या एका क्रेटवर ठेवलेल्या फोनमधून रिना मॅडमचा आवाज आला. "वीस मिनिटं झाली. उघडा."

बिरजूनं खांदा काढायला घेतला.

"थांब गा," शालिकराम कुडकुडत म्हणाला. "उगाच उठवू नको तिले. अजून पाच मिनिटं झोपू दे."